विहिरीच्या वरचा तुकडा

उंबरपाडा, ता. तलासरी
२४ मे २०१५

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. ओख्याच्या बोटवाल्या शेठकडे आलं होतं, त्याने घरी परतणाऱ्या एका खलाशाबरोबर पाठवलं. पाकिस्तानवाल्यांनी तुमची बोट पकडून कराचीला नेली असा फोन फेब्रुवारीत आला होता. तेव्हापासून तू जिवंत आहेस हे तुझ्या अक्षरात बघायची आम्ही वाट बघत होतो. आईला पत्र दोनदा वाचून दाखवलं. तिने विचारलं, "कराची कुठं आली?" मी म्हटलं, समुद्राच्या काठालाच, ओख्याच्याही वर. ती म्हणाली, "मग त्याच बोटीनं परत का येत नाय?"

चिमी गंजाडहून येऊन गेली. तेव्हा तुझं पत्र आलं नव्हतं. आईचे पाय चेपून दिले, फार बोलली नाही.

आता एक विचारायचं आहे. डहाणूचा प्रविण म्हणून एक मुलगा दर रविवारी पाड्यावर येतो. शेतकी कॉलेज केलेला आहे. त्याच्याबरोबर डहाणू-बोर्डीची काही मुलं-मुली असतात, दोघं मुंबईहून येतात. पगार कुणालाच नाही. पाड्याने मिळून एक खाण्याची बाग करावी, कुणी मालक नाही, सगळ्यांनी लावायचं आणि सगळ्यांनी खायचं, अशी त्यांची खटपट आहे. ते तिला पर्माकल्चर म्हणतात. रघ्याकाकाने विचारलं, हे कुठलं खत? प्रविण म्हणाला, "खत नाही काका. जंगल कुणी नांगरत नाही, कुणी शिंपत नाही, तरी उभं असतं ना? तशी बाग लावायची." उताराला आडवे चर खणायचे म्हणजे पाणी पळत नाही. वर शेवगा आणि पपई, त्यांच्याखाली तूर, सावलीत हळद, अळू, सुरण, आणि कडेला वालाचे, भोपळ्याचे वेल. जमीन पाल्याने झाकलेली ठेवायची.

तुला माहीत आहे, मी अंगणवाडीत मदतनीस आहे. दिवाळी सरली की मुलांच्या ताटात हिरवं काही पडत नाही. म्हणून मला हे फार मनापासून वाटतंय.

जागा सगळ्यांच्या नजरेत एकच आहे, विहिरीच्या वरचा आपला वरकस तुकडा. तू बोटीवर जायला लागल्यापासून तिथे नाचणी पेरलेली नाही. बाबा गेल्यावर सातबारा तुझ्या नावावर झाला, त्यामुळे विचारायला तुलाच हवं. मीटिंगमध्ये रघ्याकाका म्हणाला, "लाहू नाय म्हणायचा नाय." मलाही तसंच वाटतं. चर पावसाआधी व्हायला हवेत, तुझ्या उत्तरासाठी थांबलो तर वर्ष जाईल. म्हणून आम्ही सुरुवात करतोय. तुझं काय म्हणणं ते कळव.

तुझी,
वर्षा


कराची
३० ऑगस्ट २०१५

वर्षीस,

तुझं पत्र परवा मिळालं. इथे पत्र जेलच्या साहेबाला दाखवावं लागतं. त्याला मराठी येत नाही, तेव्हा एकेका ओळीवर बोट ठेवून हिंदीत सांगावं लागतं. त्यामुळे मनातलं सगळं लिहिता येत नाही, तरी हे लिहितो.

त्या तुकड्याला हात लावू नका.

बाग वाईट आहे असं म्हणत नाही. पोरांना भाजी मिळाली तर मला आनंदच आहे. पण ती जागा मी घरासाठी ठेवली आहे. या हंगामाचे पैसे आणून तिथे कूड उभा करायचा आणि पुढच्या ज्येष्ठात लग्न लावायचं, असं होतं. चिमीला मी तिथे उभी करून सगळं दाखवलंय. दार पूर्वेला, चूल मोहाच्या बाजूला, म्हणजे धूर घरात फिरणार नाही. ती म्हणाली होती, चूल थोडी इकडे घे, मला विहीर दिसली पाहिजे. मी घेतली.

इथे दिवस मोठा असतो. डोळे मिटून बसलो की मी त्याच तुकड्यावर असतो. कारवीच्या काठ्या आणतो, बांधतो, शेणमातीने लिंपतो. एखादी भिंत नीट झाली नाही तर दुसऱ्या दिवशी परत लिंपतो. हसशील तू. पण माझ्याकडे आता तेवढंच आहे. तिथे चर खणायला घेताय असं तू लिहिलंस आणि मला दोन दिवस ते घर दिसलंच नाही.

पाड्याच्या माणसांवर माझा भरवसा आहे. पण एकदा सगळ्यांचे हात लागले की उद्या त्यांना ऊठ कोण म्हणणार? मला ते जमायचं नाही आणि तुलाही नाही. रघ्याकाकाला माझा नमस्कार सांग. चिमी कशी आहे ते लिही. तिला म्हणावं चार ओळी तरी लिही.

लाहू


उंबरपाडा
१५ नोव्हेंबर २०१५

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं. आम्ही थांबलो.

चार चर खणून झाले होते. तीन बांबूंची कैची करून, मधे दोरीला दगड बांधून, प्रविणच्या मुलांनी सगळ्या उताराची पातळी काढली होती. पावसात चरात पाणी उभं राहिलं तेव्हा म्हाताऱ्या बायासुद्धा बघायला आल्या होत्या. पहिल्या चराच्या बांधावर तूर लावली होती, ती फुलावर आली होती. शेवग्याच्या फांद्यांना पानं फुटली होती.

रविवारी सगळे जमल्यावर मी तुझं पत्र वाचून दाखवलं. घराचं आणि चुलीचं वाचलं नाही, ते तुझं आहे. फक्त तुझी इच्छा नाही एवढं सांगितलं. मग जानी, आपल्या शेजारची, म्हणाली, "जमीन तुझ्या भावाची हाय, खरं. घाम आमचा हाय." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मंग आदी विचारायचं ना." मी म्हटलं, विचारलं होतं, उत्तर उशिरा आलं. ती कुदळ उचलून घरी गेली. प्रविणबरोबरच्या मुंबईच्या मुलीने शेवग्याला हात लावून बघितला आणि विचारलं, हे उपटायचं का? मी म्हटलं, राहू दे, जगलं तर जगेल.

रघ्याकाका तेवढा तुझ्या बाजूने बोलला. म्हणाला, "बंदीतल्या माणसाचं ऐकावं लागतं. त्याच्याजवळ दुसरं काय हाय?"

आई बरी आहे. भात बरं झालं. चिमीचं विचारलंस, ती बरी आहे.

तब्येतीला जप.

वर्षा


कराची
२२ मार्च २०१६

वर्षीस,

तू माझं ऐकलंस, बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. जानीवहिनीचं म्हणणं चूक नाही. मी परत आलो की तिला जाऊन भेटेन.

आमच्या बरॅकीत झाईचा एक तांडेल आहे, नारूकाका. त्याची बोट आमच्या आधी पकडली. पन्नाशी उलटलेला माणूस आहे. घरी बायको देवकी, मासळी विकते, आणि मुलगी किंजल. आम्ही दोघं मराठी बोलतो म्हणून एकत्र बसतो. त्याला मी घराचं सगळं सांगितलंय. तो म्हणतो, दाराला पूर्वेचं ऊन चांगलं, पण पडवी मोठी ठेव, म्हातारपणी माणूस पडवीतच राहतो.

इथे मणी ओवायचं काम शिकलो. पेनावर रंगीत मण्यांची नक्षी करतो. एक चिमीसाठी ठेवलंय, एक तुझ्यासाठी. थंडीत खोकला झाला होता, आता कमी आहे.

चिमीचं पत्र आलं नाही. तिला लिहायला कंटाळा येतो ते मला माहीत आहे. तू तिच्याजवळ बसून लिहून घे. ती आपल्याकडे येते का? आईला तिची मदत होते का? तुझ्या पत्रात तिच्यावर एकच ओळ होती.

लाहू


उंबरपाडा
३ जुलै २०१६

प्रिय दादा,

खोकल्याकडे दुर्लक्ष करू नकोस. डॉक्टर असतील तर दाखव.

प्रविणची मुलं आता तलासरीच्या पलीकडे एका पाड्यावर काम करतात. तिथल्या लोकांनी शाळेमागची जागा दिली. मी रविवारी टमटमने जाते. आपल्याकडून मी एकटीच जाते. तिथे केळीचं आळं केलंय. मोठा खड्डा, त्यात पालापाचोळा, आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी त्याच्यात सोडलंय, आणि कडेने केळी लावल्यात. चिखल व्हायचा तिथे आता घड लटकतात. त्या बाया मला विचारतात, तुमच्या पाड्यावर का नाही करत? मी म्हणते, होईल.

विहिरीच्या वर चर तसेच आहेत, अर्धे बुजले. गुरं फिरतात. शेवगा एकच राहिलाय. जानी माझ्याशी आता बोलते, पण बागेचं काढत नाही. आई मात्र एकदा म्हणाली, "वर्षे, तू त्याला नीट लिहिलं असतंस तर तो हो म्हणला असता."

चिमी पावसाच्या कामात आहे, गंजाडहून येणं होत नाही. पेन तुझ्याकडेच ठेव.

अंगणवाडीतली मुलं तुझं नाव घेतात, कारण मी त्यांना समुद्राच्या गोष्टी सांगते त्यात तू असतोस.

वर्षा


कराची
११ डिसेंबर २०१६

वर्षीस,

गेल्या महिन्यात इथे नवीन माणसं आली. त्यात गंजाडचा लहान्या म्हणून खलाशी आहे. गावाकडचं माणूस भेटलं म्हणून मी आनंदाने विचारत सुटलो. कोणाचं काय, पाऊस कसा, रस्ता झाला का. मग विचारलं, चिमीला ओळखतोस का? तो म्हणाला, "हो तं. आमच्या बाजूच्या पाड्यातच दिलीय. पोरगा झाला तिला." नारूकाका त्याला डोळ्यांनी खुणावत होता, पण लहान्याचं लक्ष नव्हतं. मी विचारलं, कधी दिली? तो म्हणाला, "मागच्या साली, भात झोडून झालं तवा."

त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. नंतर कळल्यावर तो माझ्यासमोर जेवायला बसेना.

मी हिशेब लावला. माझा नकार तुझ्या हातात पडला तेव्हा त्या घरात राहायला येणारं कुणी उरलेलं नव्हतं. आणि ते तुला माहीत होतं. एक ओळ लिहिली असतीस तर बाग चालू राहिली असती. तू ती लिहिली नाहीस आणि बाग थांबवलीस. पाड्याचं बोलणं खाल्लंस. आईचंही.

आधी तुझा राग आला. मला लहान पोर समजलीस म्हणून. मग माझ्या लक्षात आलं की ते वर्षभर मी रोज भिंती लिंपत होतो, त्या तुझ्यामुळे उभ्या होत्या. आता राग नाही. पण यापुढे माझ्यापासून काही लपवू नकोस.

चिमीला कुणी बोल लावू नका. मी तिला थांब असं म्हटलंच नव्हतं. धरून चाललो होतो. तिने वर्षभर वाट बघितली तीच जास्त झाली.

जमीन घ्या. साहेबाला ही ओळ हिंदीत सांगताना त्याने विचारलं, किती आहे? मी म्हटलं, थोडीच आहे. तो म्हणाला, अच्छा काम है. विहिरीच्या डाव्या अंगाला हातभर मातीखाली कातळ आहे, तिथे झाडं लावू नका, जगणार नाहीत. पहिल्या चराच्या वरून एक ओघळ येतो, त्याला वळवा, नाहीतर बांध फुटेल. जानीवहिनीला सांग, मी स्वतः सांगितलंय.

आईला चिमीचं माहीत नसेल तर सांगू नकोस. चिमी सून म्हणून येईल असं तिला वाटू दे.

लाहू


उंबरपाडा
१६ एप्रिल २०१७

प्रिय दादा,

तुझं पत्र घेऊन मी सरळ जानीकडे गेले. ती भात पाखडत होती. मी म्हटलं, दादाने जमीन दिली. ती म्हणाली, "परत मन फिरलं तं?" मी पत्र तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नाही. तिने सूप खाली ठेवलं, हात पुसले आणि कागद दोन्ही हातांनी धरून बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "माझं नाव कुठं हाय?" मी बोट ठेवून दाखवलं. ती म्हणाली, "बरं. उद्या येते."

फेब्रुवारीपासून काम चालू आहे. प्रविण परत आला, त्याची माणसं आली, आणि तलासरीच्या पलीकडच्या पाड्यावरच्या बाया केळीचे मुनवे आणि हळदीचं बेणं डोक्यावर घेऊन आल्या. मी एकटी तिकडे जात होते त्याची त्यांनी आठवण ठेवली. जुने चर उपसले, नवीन दोन केले. ओघळ तू सांगितलास तसा वळवला. कातळावर काही लावलं नाही, तिथे पाल्याचा ढीग रचलाय, कुजायला. रघ्याकाका ऐनाचा पाला गाडीभर आणून टाकतो आणि म्हणतो, "जमीन उघडी दिसली तं मला सांगा." एका रविवारी एवढी माणसं झाली की कुदळी कमी पडल्या, तर लोक हातांनी माती ओढत होते. दुपारी सगळ्यांनी मोहाखाली बसून भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. मुंबईच्या मुलीला ठसका लागला, सगळे हसले. तू हवा होतास.

चिमीचं मी का लिहिलं नाही ते तू विचारलं नाहीस. बरं केलंस.

आता तूही लपवू नकोस. खोकला गेला का?

वर्षा


कराची
५ सप्टेंबर २०१७

वर्षीस,

अक्षर नारूकाकाचं आहे. मणी ओवून माझी बोटं सुजली आहेत, म्हणून मी सांगतो आणि तो लिहितो. खोकला गेला. जेवण जातं. काळजी करू नको.

तुझं पत्र बरॅकीत सगळ्यांना वाचून दाखवलं. बोंबलाच्या चटणीचं आलं तेव्हा नारूकाका उठून बाहेर गेला.

बागेत बसायला जागा ठेवली आहे का? माणसं खणतात, लावतात, तोडतात, आणि बसायचं विसरतात. आईसाठी तरी ठेवा. पपई कुठली लावली, आतून लाल की पिवळी? तुरीला शेंगा धरल्या की मला लिही.

सुटणाऱ्यांची नावं निघणार असं इथे बोलतात. दोन वर्षं उलटून गेलेल्यांना आधी सोडतील म्हणतात. माझं नाव असेल असं वाटतं. आईला सांग. मी आलो की तुमच्याबरोबर खणीन. घर काय, कुठेही होईल.

लाहू


उंबरपाडा
२९ ऑक्टोबर २०१७

प्रिय दादा,

आईला सांगितलं. ती आता रोज अंगण सारवते.

बसायला जागा नव्हती, तुझं पत्र आल्यावर केली. रघ्याकाकाने मोहाखाली बांबूचा बाक बांधला. आई पहिल्यांदा बागेत आली. इतके दिवस का येत नव्हती ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बाकावर बसून ती वालाच्या शेंगा सोलते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मूठभर देते, जसा काही सगळा वाल तिनेच लावलाय.

पपई आतून लाल आहे. अंगणवाडीत कापली तेव्हा मुलांनी बियासुद्धा चाटल्या. अळू एवढं माजलंय की प्रत्येक घरातून रोज त्याचाच वास येतो. कोनफळं जमिनीत फुगतायत. तुरीला शेंगा धरल्या, तू विचारलं होतंस. काही चुकलंही. भेंडीवर कीड पडली, सगळी गेली. एका घराने रात्रीत केळीचा घड उतरवला म्हणून भांडण झालं, दोन रविवार ते लोक आले नाहीत. मग जानी जाऊन त्यांना घेऊन आली. म्हणाली, "घड खाल्लात, आता गवत उपटा."

बोटांची सूज उतरली का? पुढचं पत्र तुझ्या अक्षरात येऊ दे. वाकडं आलं तरी चालेल.

वर्षा


कराची
२० डिसेंबर २०१७

वर्षाबाय,

मी झाईचा नारू. सरकारी कागद तुमच्यापर्यंत पोचला असेल किंवा नसेल, मला कळायला मार्ग नाही. म्हणून लिहितो. लाहू १९ नोव्हेंबरला गेला.

त्याच्या छातीत पाणी झालं होतं. ऑगस्टपासून त्याला धड बसवत नव्हतं. बोटं सुजली वगैरे काही नव्हतं. तो म्हणाला, काका असं लिहा, आणि मी लिहिलं. डॉक्टर येत होते, सुया दिल्या, मोठ्या दवाखान्यातही नेलं. तिथून तो परत आला नाही. मला शेवटी जाऊ दिलं नाही, त्यामुळे तो काय बोलला ते मी सांगू शकत नाही. उगाच काही रचून सांगणार नाही.

तुझं बाकाचं पत्र तो गेल्यावर आलं. साहेबाने ते माझ्या हातात दिलं. मी दोन दिवस उघडलं नाही. मग लहान्या म्हणाला, "वाचा काका, त्याचंच हाय ते." आम्ही सगळे बसलो आणि मी वाचलं. पपई लाल आहे हे ऐकून लहान्या रडला.

त्याचं सामान बांधून दिलंय, कपडे आणि मण्यांची दोन पेनं. माणूस इथून घरी जायला वेळ लागतो, कागद फार असतात. धीर धर. आईला धर.

एक मागतो. तुझ्यावर हे दुःख असताना मागू नये, पण दुसरं कोण आहे. देवकीची पत्रं येतात. सगळं बरं आहे, मासळी बरी मिळते, किंजल बरी आहे, एवढंच. दोन वर्षं तेच. लाहूनेही तुला तसंच लिहिलं आणि मी माझ्या हाताने लिहिलं, म्हणून मला आता बरं आहे या शब्दाची भीती वाटते. तू झाईला जाऊन ये. जे असेल ते मला लिही.

नारू


उंबरपाडा
२५ मार्च २०१८

नारूकाका,

नमस्कार. तुमचं पत्र आलं त्याच्या आधी तलासरीच्या कचेरीतून माणूस येऊन सांगून गेला होता. पण दादा कसा गेला ते तुमच्या पत्रातूनच कळलं. तुम्ही रचून काही लिहिलं नाहीत, त्याबद्दल तुमचे उपकार.

दादा फेब्रुवारीत आला. मुंबईहून गाडी आली, पेटी बंद होती. उघडू नका म्हणाले. आई म्हणाली, "हात तरी दाखवा." ते नाही म्हणाले. मग ती पेटीवरच हात ठेवून बसली. गाडीबरोबर आलेला माणूस चांगला होता, त्याने घाई केली नाही. ओहोळाच्या काठी जिथे बाबांना अग्नी दिला तिथेच त्यालाही दिला. रघ्याकाका सगळं बघत होता. प्रविण आणि त्याची मुलं आली होती, लाकडं त्यांनी वाहिली. चिमी आली, मुलाला कडेवर घेऊन. लांब उभी राहिली. आईने तिला बोलावून जवळ बसवलं. तेव्हा मला कळलं की चिमीच्या लग्नाचं आईला पहिल्यापासून माहीत होतं.

त्याच्या दिवसकार्याचं जेवण बागेतलं झालं. आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी उठलो तर जानी आणि बाकीच्या बाया विळे घेऊन वर चढत होत्या. अळू, वाल, कोनफळं, भोपळा, कच्ची केळी, जे हाताला लागेल ते कापून आणलं आणि विहिरीजवळ तीन चुली मांडल्या. सगळा पाडा जेवला. पलीकडच्या पाड्याचे लोक जेवले. आईने भात घेतला, कालवला आणि तसाच ठेवला. मी म्हटलं, खा. ती म्हणाली, "त्यानं एक घास तरी खाल्ला असता यातला." नंतर किती तरी दिवस मी बागेत गेले नाही. अळू बघवत नव्हतं. लोकांनी मला बोलावलं नाही, आणि शिंपणं, पाला टाकणं त्यांचं चालू होतं. आता जाते.

रघ्याकाकाने विचारलं, जमीन आता तुम्हा मायलेकींची, काय करायचं? आईच म्हणाली, "आहे ते असू दे."

गेल्या रविवारी जानी आणि मी झाईला जाऊन आलो. उंबरगावची गाडी पकडली, पुढे रिक्षा केली. बरोबर हळद, सुरण आणि केळीचे दोन मुनवे नेले होते.

काका, तुम्ही खरं लिही म्हणालात, म्हणून लिहिते. गेल्या वर्षीच्या शिमग्याच्या आधी देवकीकाकूंच्या अंगावरून वारा गेला. उजवा हात आणि उजवा पाय गेलाय. बोलणं अडखळतं, पण कळतं. वर्ष झालं, त्या बाजारात जात नाहीत. मासळी किंजल विकते. ती शिकत होती ते तिने सोडलं. तुम्हाला येणारी पत्रं किंजल लिहिते, काकू सांगतात तशी. औषध चालू आहे. घर नीट आहे, छप्पर शेजाऱ्यांनी शाकारून दिलं. कुणी त्रास देत नाही. पण पत्रात असतं तसं बरं नाही.

मी तुम्हाला हे कळवणार आहे असं काकूंना तोंडावर सांगितलं. त्या चिडल्या. म्हणाल्या, "तो तिथं काय करणार? नुसता जळत बसेल." मी म्हटलं, काकू, मी भावाला चिमी बरी आहे लिहीत राहिले आणि तो मला खोकला गेला लिहीत राहिला. तो आजारी आहे हे मला कळलं असतं तर शेवटच्या पत्रात मी भेंडीच्या किडीचं लिहिलं नसतं. काय लिहिलं असतं ते मला अजून माहीत नाही. पण ते नसतं लिहिलं.

किंजल दारात उभी होती, ती आत निघून गेली. जानी तेवढ्यात मागच्या अंगाला जाऊन सांडपाण्याजवळ रेती उकरत होती. तिथे आम्ही खड्डा केला, शेजारच्या बायांनी सुकी पातेरी आणि पाला आणून टाकला, आणि मुनवे लावले. खाऱ्या वाऱ्यात किती जगतील सांगता येत नाही. शेजारणी म्हणाल्या, पुढच्या वेळी जास्त आणा. आणू.

निघताना काकूंनी आम्हाला बसवलं. भिंतीला टेकून, परात पायात धरून, डाव्या हाताने तांदळाची भाकर थापायला घेतली. किंजल मदतीला आली तर तिला हाकललं. वेळ लागला. भाकर एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होती. तव्यावर टाकली तेव्हा आम्ही तिघी बघत होतो. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लिहायचं तर हे पण लिही त्याला. वाकडी होते, पण फुगते."

फुगली होती, काका. जानीने आणि मी अर्धी-अर्धी खाल्ली.

तुमची,
वर्षा